पोहत जा, चालत ये

“कायद्याला पाय नसतात, म्हणून मला नोकरी आहे,” असं आत्या एकदा म्हणाली होती, आणि म्हणताना ती आपल्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होती. चपला तिच्या कधी टिकल्याच नाहीत. परदेशातून आलेल्या लोकांच्या परवान्यांचं जे कार्यालय असतं, त्यात ती पडताळणीचं काम करायची. कुणाचा राहायचा परवाना संपला, कुणाचे कागद खोटे निघाले, कुणाबद्दल तक्रार आली, की त्या घरी जाऊन दार वाजवायचं, खातरजमा करायची, आणि देश सोडायचा हुकूम असला तर तो स्वतःच्या हाताने द्यायचा.

सगळं गाव तिला टकटक म्हणायचं. दोनदाच वाजवायची, तेही हलक्या हाताने, आणि लगेच मागे सरकून उभी राहायची. दार उघडणाऱ्याला ती अख्खी दिसली पाहिजे, हात रिकामे आहेत हेही दिसलं पाहिजे, असा त्यात हिशेब होता. जेवणाच्या वेळी जायची नाही. घरात पोराची परीक्षा असली तर ती संपेपर्यंत जायची नाही. आधी प्यायला पाणी मागायची, कारण पाणी आणायला आत गेलेला माणूस परत येतो तोवर जरा सावरलेला असतो. कार्यालयातले लोक तिला कायद्याची पाहुणी म्हणून चिडवत. पण पाहुणी काम न करता परतली, असं एकदाही झालं नाही. खोट्या नोकरीच्या आशेने मुलींना आणून त्यांचे पासपोर्ट दडवून ठेवणाऱ्या एका दलालाला तिने स्वतः गाडीत बसवलं होतं, आणि त्या दिवशी घरी येऊन दोनदा भात वाढून घेतला होता.

इतर वेळी ती घरी कुंडी घेऊन यायची. जाणारी माणसं भांडी नेतात, कपडे नेतात, झाडं नेता येत नाहीत. आत्या ती उचलून आणायची. आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कुठल्या झाडाचं घर कोणतं, हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही, पण सकाळी पाणी घालताना प्रत्येक कुंडीपाशी ती जरा वेगळी थांबायची. आईला तो सगळा जंगलखात्याचा कारभार वाटे. कपडे वाळत कुठे घालू, हा प्रश्न ती दर आठवड्याला नणंदेला विचारायची आणि नणंद दर आठवड्याला म्हणायची, “वहिनी, एवढीच. आता नाही आणणार.”

त्या दिवशी मात्र आत्या चपला न काढताच थेट स्वयंपाकघरात आली.

“बाईंची फाईल आलीय,” ती म्हणाली.

आमच्या गावात शाळा बऱ्याच, त्यामुळे बायाही बऱ्याच. गणिताच्या बाई, चित्रकलेच्या बाई. पण पुढेमागे काही न लावता नुसतं ‘बाई’ म्हटलं, की त्या तरणतलावावरच्या. गावातल्या जवळपास प्रत्येकाला त्यांनी पाण्यात ढकललेलं होतं. उन्हाने रापलेला चेहरा, शिट्टीची दोरी गळ्यात आणि हातात एक लांब बांबू. तलावाच्या एका बाजूला भिंत अगदी पाण्याला लागून होती, चालायला वाट फक्त दुसऱ्या बाजूने. त्या वाटेवरून बाई पोहणाऱ्याच्या बरोबरीने चालायच्या. उथळ टोकाकडून खोल टोकाकडे जाताना वाट आपल्या डाव्या हाताला. मान वळवून श्वास घेतला की बाईंचे पाय दिसले पाहिजेत, पाय दिसले नाहीत की बांबू पाठीत. खोल टोकाला पोचलं की शिडीने वर यायचं आणि त्याच वाटेने चालत परत. पोहत जा, चालत ये. तलावाच्या फळीवर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी आम्हा सगळ्यांना ते आईच्या हाकेसारखं पाठ होतं.

या बाई परदेशी होत्या, हे आम्हाला माहीत होतं आणि नव्हतंही. त्यांचा एखादा उच्चार जरा वाकडा पडायचा, बस एवढंच. तरुणपणी त्या कामाच्या परवान्यावर इथे आल्या, परवान्याची मुदत संपली आणि त्या तलावाच्या पंपाशेजारच्या खोलीत राहून गेल्या. तलावाच्या जुन्या रखवालदाराने कागद मागितले नाहीत, बाईंनी दिले नाहीत. आकडे त्या आमच्याच भाषेत मोजायच्या, आम्हाला शिव्याही आमच्याच भाषेत घालायच्या. आता तलाव एका नव्या कंपनीकडे गेला होता. कंपनीने सगळ्या कामगारांचे कागद मागवले. बाईंकडे नव्हते. नाव कार्यालयात गेलं.

आत्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, रिकामा केला आणि मग नियम सांगितला. वीस वर्षांहून जास्त काळ सलग इथे राहिलेल्या, कुठलाही गुन्हा न केलेल्या माणसाला कायमचा परवाना देता येतो. सगळी मेख सलग या शब्दात होती. मध्ये एका वर्षी, बाईंच्याच नावाची एक बाई बोटीने देश सोडून गेल्याची बंदरावर नोंद होती. ती आपल्या बाईच असतील, तर त्या नंतर चोरून परत आल्या असा अर्थ निघत होता, आणि मग परवाना राहिला बाजूला, पहिल्या बोटीने रवानगी. बाई म्हणत होत्या, ती मी नव्हे, आमच्याकडे हे नाव दर घरात एक असतं. खरंही असेल. पण पंपाच्या खोलीचं भाडं नाही, विजेचं बिल नाही. त्या एका वर्षी बाई इथे होत्या हे दाखवायचं कशाने?

“आणि गेल्या तर तिकडे त्यांचं कोण आहे?” आईने विचारलं.

“कुणी नाही.”

“म्हणजे ह्या वेळी काय, तलाव आणणार का गॅलरीत?”

आत्या हसली नाही. बाबांना वाटत होतं, फाईल हिच्याकडेच आलीय हे चांगलंच झालं. ही सांभाळून घेईल. पण आत्याने फाईल सोडायची असं येतायेताच ठरवलं होतं. ज्याला आपण ओळखतो त्याचं प्रकरण आपण हाताळायचं नाही, तसं लिहून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, असा नियम होता. बाबा खवळले. अख्ख्या कार्यालयात बाईंना न ओळखणारा आहे कोण, सगळ्यांनीच असं लिहून दिलं तर फाईल काय पंख्याला टांगायची, असं ते बराच वेळ ऐकवत होते. आत्याने त्यांना बोलू दिलं.

“दादा, आज मी बाईंसाठी नियम वाकवला, तर उद्या दुसरा त्याच्या माणसासाठी वाकवेल,” ती शेवटी म्हणाली. “मग ज्याचं ओळखीचं कुणीच नाही, त्याने जायचं कुठे?”

दुसऱ्या दिवशी तिने लिहून दिलं. बाकीच्यांनी आपापल्या टेबलांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. फाईल गेली ती सगळ्यांना नको असलेल्या माणसाकडे.

हा माणूस नुकताच दुसऱ्या गावाहून बदलून आला होता. केसांचा भांग इतका सरळ की सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. चहा घेतला तरी कप बशीच्या बरोबर मध्यावर ठेवायचा. त्याचं टेबल आत्याच्या टेबलाला लागून. आता आत्याला या प्रकरणात त्याच्याशी, बाईंशी, कुणाशीही एक अक्षर बोलायची बंदी होती, निकाल लागेपर्यंत. ती दोघं दिवसभर शेजारी बसून खुर्च्या कशा कुरकुरतात याबद्दल बोलायची.

गाव मात्र पेटलं होतं. जो तो कार्यालयात जाऊन बाईंच्या वतीने जबाब द्यायला लागला. शिंपी गेला, न्हावी गेला, दवाखान्यातल्या नर्स गेल्या. बाई इथेच होत्या, कधीच गेल्या नाहीत, आम्ही साक्ष देतो. फूटपट्टीने सगळ्यांना बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की नियमात नुसत्या शब्दाला किंमत नाही. वर असंही म्हणाला, की इतकी माणसं तेच वाक्य तसंच बोलायला लागली की त्याचा संशय वाढतो. न्हाव्याने बाहेर येऊन जाहीर केलं, हा माझ्या दुकानात आला तर भांग वाकडा पाडून पाठवीन.

आणि मग तो तलावावर आला. पंपाशेजारची खोली तपासायची होती. सकाळी आम्ही पाच-सहा जण पाण्यात होतो. खोली पाहून झाली, तसा तो बाकावर बसला. तो स्वतः पोहणारा होता हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तो आमच्याकडे असा बघायला लागला, की जणू आमच्या कपाळावर शिंगं उगवलीयत. न्हावी खोल टोकाला पोचला, धापा टाकत शिडी चढला आणि वाटेने चालू लागला. फूटपट्टीने त्याला अडवलं.

“तुम्ही तिकडून वळत का नाही?”

“वळून कुठे जाऊ?”

“परत. पोहत.”

न्हाव्याला प्रश्नच कळेना. “परत चालतच येतात ना?” तो म्हणाला, आणि मदतीसाठी आमच्याकडे बघू लागला. आम्हीही त्याच्याकडेच बघत होतो. खरंच, चालतच येतात ना?

फूटपट्टी उठून उभा राहिला. मी पाण्यातून पाहिलं, त्याचा तो इस्त्रीचा चेहरा पहिल्यांदाच जागचा हलला होता. त्याने आम्हाला पुन्हा पोहायला लावलं. एक एक करून. सगळ्यांनी श्वास डावीकडे घेतला, सगळे टोकाला वर आले, सगळे चालत परतले. फक्त कंपनीच्या नव्या शिक्षकाकडे शिकणारी दोन चिमुरडी दोन्हीकडे मान वळवत होती आणि भिंतीला लाथ मारून माशासारखी वळत होती. जगात सगळीकडे असंच पोहतात, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. इतकी वर्षं आमचं अख्खं गाव चुकीचं पोहत होतं, आणि ती चूक जगात दुसऱ्या कुणाची नव्हती.

सुट्टीच्या दिवशी त्याने सगळ्यांना तलावावर बोलावलं. का, ते सांगितलं नाही. साहेबांनाही यायला सांगितलं, कारण तपासणीला वरिष्ठ हजर लागतो. सकाळी निघताना आईने आत्याला हळूच विचारलं, गॅलरीत एका कुंडीपुरती जागा करून ठेवू का. आत्या म्हणाली, कर.

“बाईंची?” आईच्या हातातला झाडू थांबला.

“नाही. बेकरीमागच्या त्या जोडप्याची. त्यांना येऊन चारच वर्षं झालीत.” तिने पिशवीत हुकमाचं एक पाकीट सरकवलं आणि आमच्याबरोबर निघाली.

तलावावर जत्रा भरली होती. मिशा पिकलेले, पोटं सुटलेले, नुकतं मिसरूड फुटलेले, कडेवर पोर घेतलेल्या बायका, सगळे टॉवेल गुंडाळून वाटेवर उभे. शाळा सुटल्यावर कधीच न भेटलेली माणसं एकमेकांना पाण्यात ढकलत होती. बाई बाकावर बसल्या होत्या, बांबू मांडीवर आडवा धरून. तपासणी संपेपर्यंत त्यांना बोलायला मनाई होती, पण शिट्टी वाजवायला नव्हती. हात मारताना कुणाचं कोपर पडलं की शिट्टी वाजत होती. फूटपट्टी म्हणायचा, “बोलू नका, पोहा,” आणि एकेक वय पाण्यात उतरायचं. डावीकडे श्वास, शिडी, चालत परत. पन्नाशीचा शिंपी, चाळिशीची नर्स, पंचविशीचा पोस्टमन. डावीकडे, शिडी, चालत. इतक्या माणसांतून जणू एकच माणूस पोहत होता. वाट ओली होऊन चकाकत होती. कुणीतरी टाळ्या धरल्या, मग सगळ्यांनी धरल्या, आणि फूटपट्टीने टाळ्या बंद करायला सांगितलं तेव्हा तो स्वतःही पायाने ठेका धरत होता.

मग त्याने विचारलं, बोटीची नोंद असलेल्या वर्षी इथे कोण शिकलं?

दहा हात वर झाले. आणि लगेच घोळ झाला. एक म्हणाला मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, त्याची आई म्हणाली नऊ. दुसरीला आधी वाटलं त्या वर्षी, मग आठवलं की भावाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी. फूटपट्टी ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा पुन्हा इस्त्रीचा होत गेला.

“अशी आठवण चालणार नाही,” तो म्हणाला. “ज्याचं शिकण्याचं वर्ष आठवणीबाहेरच्या कशावरून तरी पक्कं ठरतं, असा एक तरी माणूस हवा.”

बाईंनी बांबू बाकाला टेकवून ठेवला. मी आत्याकडे पाहिलं. ती तिकिटाच्या खिडकीपाशी पिशवी पोटाशी धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून. मग तिने पिशवी माझ्या हातात दिली. गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्याच गळ्यात घातलं. चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या. आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उथळ टोकाला पाण्यात उतरली.

साहेब पुढे झाले. “त्यांना या प्रकरणात मनाई आहे,” ते म्हणाले.

“बोलायला,” फूटपट्टी म्हणाला. “पोहायला नाही.”

सदऱ्यात हवा भरून तिच्या पाठीवर फुगा आला होता. लहान पोरं हसायला लागली. आत्या हात मारत होती, दमदार, जरा बेढब, आणि प्रत्येक श्वासाला तिचं तोंड डावीकडे वर येत होतं. कधी नव्हे ते माझ्या लक्षात आलं की ती आमच्यासारखी लहानपणी शिकलेली नव्हती. मोठ्या माणसाची भीती त्या पोहण्यात अजून होती. बाई उठल्या, बांबू घेऊन तिच्या बरोबरीने चालू लागल्या. त्यांना कुणी अडवलं नाही. आत्या खोल टोकाला पोचली, शिडी चढली, आणि पाणी निथळवत वाटेने चालत परत आली.

“ह्या कधी शिकल्या?” फूटपट्टीने सगळ्यांना विचारलं. बाबांना सांगता येईना. त्या वर्षांत ते दुसऱ्या गावी नोकरीला होते. आत्याला ठाऊक होतं, पण ती निथळत गप्प उभी राहिली. तिने फक्त साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी आधी आकाशाकडे पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं.

“बंदरावरची आपली चौकी त्या वर्षी उघडली,” ते म्हणाले. “चौकीवरच्या प्रत्येकाला पोहता आलंच पाहिजे, असा खात्याचा आदेश होता. आम्हा सगळ्यांना इथे पाठवलं होतं. मुलं गेल्यावर, संध्याकाळी. अख्खं वर्षभर.”

“शिकवलं कुणी?”

बाईंना राहवलं नाही. “सगळ्यात जास्त पाणी ह्याने प्यायलं,” त्या साहेबांकडे बांबू रोखून म्हणाल्या.

जो हशा उठला, तो रस्त्यापर्यंत गेला असणार. ज्या वर्षी त्या देश सोडून गेल्याचा संशय खात्याला होता, त्या वर्षभर त्या खात्यालाच पोहायला शिकवत होत्या. परदेशी माणसांवर लक्ष ठेवायला निघालेल्यांना, बुडू नये म्हणून. आणि त्यातल्या एकानेही कधी विचारलं नव्हतं, बाई तुम्ही कुठल्या. आत्यानेही नाही.

फूटपट्टी हसला नाही. “साहेब,” तो अदबीने म्हणाला, “वर्ष खात्याच्या आदेशाने पक्कं झालं. शिकवलं ह्यांनीच, हा मात्र अजून तुमचा नुसता शब्द आहे.”

साहेबांनी शर्ट काढला. ते पाण्यात उतरले तेव्हा पाणी काठावर आलं असं न्हावी अजून सांगतो. मागोमाग कार्यालयातला कारकून उतरला, मग गाडीचा चालक, जे सगळे त्या दिवशी आपापल्या टेबलांकडे बघत बसले होते ते. साहेब धापा टाकत होते, गटांगळ्या खात होते, पण मान जात होती डावीकडेच. टोकाला पोचल्यावर ते क्षणभर भिंत धरून लोंबकळले. फूटपट्टी काठावर ओणवा झाला. वळावं की चढावं, हा विचार साहेबांच्या मनाला शिवलाही नाही. ते शिडी चढले आणि चालत आले.

फूटपट्टी ताठ झाला. त्याने फाईल मिटली.

“माझी शंका फिटली,” तो म्हणाला. “सलग आहे. हुकूम उद्या कचेरी उघडली की सहीनिशी निघेल. बाई, तुम्ही राहताय.”

नंतरचा सगळा गोंधळ मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतो. शिंप्याने फूटपट्टीला उचलून पाण्यात टाकलं, आणि तो वर आला तेव्हा त्याचा भांग गेला होता. तो सरळ पोहत गेला, टोकाला सफाईने वळला आणि पोहत परत आला, तर सगळं गाव ओरडलं की असं नाही, चालत ये. आईने मला मिठी मारली, बाबांनी न्हाव्याला मारली. बाई बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. कुणी पाणी आणून दिलं ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

मग त्या उठून आत्यापाशी आल्या. आत्याच्या कपड्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. बाईंनी तिचा उजवा हात धरला आणि पाण्यात मारावा तसा वर उचलला.

“कोपर अजून पडतंय तुझं,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून ये.”

आत्याने तोंड उघडलं. मला वाटलं, आता ती बोलेल. पण हुकमावर सही उद्या व्हायची होती. तिने तोंड मिटलं. बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, दाबला आणि सोडला. माझ्या गळ्यातून ओळखपत्र काढून स्वतःच्या गळ्यात घातलं. पिशवी घेतली, आतलं पाकीट भिजू नये म्हणून ती अंगापासून लांब धरली. चपला दुसऱ्या हातात. आणि नाचणाऱ्या, ओरडणाऱ्या, एकमेकांना ढकलणाऱ्या माणसांच्या मधून, मागे ओल्या पावलांचे ठसे ठेवत, एक शब्दही न बोलता ती दाराबाहेर गेली आणि बेकरीच्या दिशेने वळली.